मावशीची डीव्हीडी

तुम्हाला सांगतो, कर्जतला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या कौसामावशीचा मुलगा दत्ता फौजेत होता. बहिणीच्या लग्नाला त्याला सुट्टी मिळाली नाही, मिळाली ती नंतर. परत निघायच्या दिवशी मायलेक दुकानात आले. लग्नाची डीव्हीडी त्याला सोबत न्यायची होती.

मी बटण दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, तीन तास लागतील!

दत्ताचं तोंड उतरलं. "दुपारची एसटी गेली, तर डायरेक्ट संध्याकाळचीच हाय."

मावशी म्हणाली, "मग संध्याकाळी जा की. पुन्यावरनं रेल्वे रातचीच हाय ना तुजी?"

"आये, लई धावपळ हुईल."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. एडिटिंग संपल्यावर मी सगळं शूटिंग डीव्हीडीला चालेल अशाच फाईलमध्ये काढून ठेवलं होतं, आणि सॉफ्टवेअर उगाचच ते पहिल्यापासून पुन्हा बनवत बसलं होतं. मी ते थांबवलं आणि आहे ती फाईल जशीच्या तशी घ्यायला लावली. चहा संपेपर्यंत डीव्हीडी तयार! शिवाय चित्रही जराही खराब झालं नाही.

दत्तानं मला मिठी मारली, आईच्या पाया पडला आणि स्टँडकडे पळाला.

मी ऐटीत मावशीकडे वळलो. म्हटलं, आता कौतुक होणार. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावरच कडाडली,

"तुला कुनी सांगितलं हुतं एवढी घाई कराया? बसलं असतं की माजं लेकरू अजून थोडं माज्यापाशी!"