चौघांतला एक

नुकतीच दाढ काढलेला शिंपी तोंडात कापसाचा बोळा धरून दवाखान्यातल्या बाकावर बसला होता. मूग गिळायलासुद्धा तोंड उघडत नव्हतं. समोर एक नवरा, त्याची आई आणि मासिक चाळणारी बायको.

"अहो, ऐकलंत का? जगात साधारण चौघांतला एक कुठलाच धर्म मानत नाही म्हणे."

"असतील तिकडे लांब कुठेतरी."

"लांब कशाला? इथे आपण चौघंच आहोत. मी नाही, तुम्ही नाही, आई तर नाहीतच."

तिघांनी शिंप्याकडे पाहिलं. त्याने घाईघाईने दोन्ही हात हलवले.

"बघा, तोंडातून शब्द नाही! हेच ते."

"चेहऱ्यावरून वाटत नाही गं."

"त्या बिचाऱ्याला कशाला छळता?" आई म्हणाली. "ती मी."

"आई! मग रोज पहाटे तासभर देवापुढे डोळे मिटून बसतेस ते?"

"तू बोलायला लागलास तेव्हापासून बसते. एरवी मला हाक मारल्याशिवाय तासभर राहिलास का कधी?"

बायकोने मासिक मिटलं.

"आई, उद्यापासून मीही बसते हं तुमच्या शेजारी."