सात पेट्यांतला उजेड

पुंडलिकराव : खांब तं हायेत, माय. पन आडवे काहून हायेत?

लालीबाई : आले तवापासून आडवेच हायेत, भाऊ. उभे करनारा सायेब अजून आला नाई.

पुंडलिकराव : आले कवा?

लालीबाई : मागल्या होळीले. महाराष्ट्र झाला तवा सांगत होते, दोन सालात बिजली येते. तीन साल झाले, खांब आले. कामाचे हायेत पन. बाया त्यायच्यावर गोधड्या वाळवतेत, बुढे बसून बिडी ओढतेत. तुमीबी बसा. छोरी, पानी आन यायले.

पुंडलिकराव : बसतो कायचा. माहे पायच गेले. पाहाटपासून दमनीत बसून आलो राळेगावाहून, बिजलीचे दोनशे लट्टू मांडीवर घेऊन. गाडीवाल्याले म्हनलं, बैल पळवू नोको बाप्पा, माह्या मांडीवर दिवाळी हाये. एक फुटू देल्ला नाई.

जमनी : दोनशे? दादी, दोनशे म्हनते हा मानूस.

पुंडलिकराव : दोनशे अन् वर चार. लाल, हिरवे, पिवळे, जांभळे. सगळे म्या हातानं रंगवले. जांभळा रंग त काचेवर बसतच नाई, त्याले तीन डाव हात माराव लागते. तू कोन व?

लालीबाई : जमनी. माह्या प्रेमसिंगची पोरगी. आज हिचंच लगन हाये.

पुंडलिकराव : अन् नवरीच पानी आनते?

जमनी : मंग काय झालं? अजून हळद लागाची हाये. प्या.

पुंडलिकराव : प्रेमसिंग कुठी हाये पन? बजारात त्यानं मले हात धरून सांगतलं, पुंडलिकराव, मांडवाची रोषनाई तुमीच करा. म्या इचारलं, लाइन हाये का? म्हने, खांब आले. आमच्या राळेगावात खांब आले अन् आठ दिवसात पानठेल्यावरबी लट्टू लागला. मले काय मालूम, तुमच्या इथी खांब येऊन झोपतेत.

लालीबाई : त्याच्यावर रागावू नोका. मागल्या साली तांड्याच्या नायकाच्या घरी लगन झालं तवा गॅसबत्तीवाला आलता. बत्ती त्याची, राकेल त्याचं, पंपबी त्यानंच मारला. आमी नुसते बसलो. मंग प्रेमसिंग म्हने, बत्तीवाला राकेल घेऊन येते, तं बिजलीवाला बिजली घेऊनच येईन.

पुंडलिकराव : बिजली डब्यात येते का, माय?

लालीबाई : ते तुमाले मालूम. आमी कुठी पाह्यली.

पुंडलिकराव : तुमची नात पाहा कशी हासून राह्यली.

लालीबाई : हेच चालू हाये सकाळपासून. आमच्यात नवरी सासरी निंगाली का रडत रडत ढावलो गाते. मायबापाच्या नावानं, भावाच्या नावानं, गाईच्या नावानं. तो शिकवाले बसली म्या हिले, तं दोन ओळी गाते अन् खी खी करते. जमनी, रडाचं हाये तुले आज.

जमनी : रडीन व. येळ आली का रडीन. तू पयले सांग, तू मांडवात येनार का नाई?

लालीबाई : पुन्हा तेच. म्या घरात बसून आयकीन.

जमनी : मंग म्या रडनारच नाई. पाय मंग.

पुंडलिकराव : तुमचं चालू द्या. म्या निंगतो. दिवस बुडाच्या आत सडक गाठली पाह्यजे.

जमनी : निंगता? असे कसे निंगता? भाऊ, तुमी गेले तं माह्या बाचं नाक गेलं.

पुंडलिकराव : नाकाचं काय?

जमनी : माहा सासरा लखीराम हाये ना, ढाणकीकडच्या तांड्याचा, तो सगाईले आलता. सगळे जेवाले बसले अन् वाऱ्यानं चिमनी इझली. तं म्हने, तुमच्या तांड्यात नवरी पाहाची तं चाचपून पाहा लागते. सगळे हासले. माहा बा भरल्या ताटावरून उठला. म्हने, लग्नात असा उजेड करतो का तुमी डोळे झाकान. दोन महिने झाले, बा दुसरं बोलतच नाई. आता वरात आनाले सडकेवर गेला. दिवेलागनीले सगळे येतीन.

लालीबाई : अन् इथी अंधारच दिसला, तं प्रेमसिंगले एक डाव हासतीन. हिले मातर जनमभर आयका लागन. भाकर करपली तरी म्हनतीन, अंधारातली पोरगी हाये, हिले काय दिसते.

पुंडलिकराव : दोन गॅसबत्त्या हायेत माह्यापाशी. बिजलीवर अजून माहा भरोसा नाई, म्हून गाडीत टाकूनच राह्यतो.

जमनी : दोन तं नायकाच्या लग्नातबी होत्या. लखीरामच म्हनन, हे त आमच्या घरीबी हाये.

लालीबाई : माह्या सासूची पितळी समई हाये पेटीत. तेवढीच भर. या आत, काढून देते. डोकं सांभाळा, दार ठेंगनं हाये. जमनी, पेटी वढ इकडं.

पुंडलिकराव : इथी तं डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाई.

लालीबाई : ज्वारीची कनगी राह्यते इथी, तिले उजेड कायले पाह्यजे? छपराले ते एक भोक हाये, तेवढंच ऊन येते. समई तयाले हाये जमनी. वरचं काढून बाजूले ठेव.

जमनी : दादी, हा तुहा फेटिया हाये?

लालीबाई : हाव. ठेव बाजूले.

पुंडलिकराव : फेटिया म्हंजे?

जमनी : घागरा, भाऊ. तुमच्या बाया लुगडं नेसतेत, आमच्या फेटिया घालतेत. अन् हे पाहा किती आरशे. एवढे तं माह्या लग्नाच्या फेटियालेबी नाई.

(ती घागरा उचलून छपरातून येणाऱ्या उन्हात धरते.)

पुंडलिकराव : थांब. हालू नोको.

जमनी : काय झालं? इच्चू हाये का?

पुंडलिकराव : भितीकडं पाय.

जमनी : दादी...

लालीबाई : दिसून राह्यलं मले.

पुंडलिकराव : छपरावर पाय. कनगीवर पाय. माह्या धोतरावर पाय. आता जरासा हालव. जरासा, झाडू नोको. माय, हे उजेडाचे ठिपके सगळे चालून राह्यले. माह्या दोनशे लट्टूत एकबी चालत नाई. आरशे किती हायेत याले?

लालीबाई : तीनशे अन् वर काही. मोजले होते कवा तरी.

पुंडलिकराव : अन् ऊन किती? बोटभर भोकातलं. बोटभर उन्हाचे तीनशे दिवे झाले, मंग गॅसबत्तीचे किती होतीन? ते दार लाव व जमनी. लाव पूर्न. हां. आता हा खिशातला लाल लट्टू त्या उन्हात धरतो म्या.

जमनी : पेटला!

पुंडलिकराव : पेटला नाई, नुसतं ऊन गेलं त्याच्यातून. पन लाल गेलं. पाय तिथं, माठावर. मले लट्टू पेटवाचेच नाई आता. समई ठेवा तुमी देवापुढं. मले मांडवाले दोरी किती लावली ते सांगा, अन् हवा कोनत्या बाजूनं येते ते सांगा.

लालीबाई : हवा नाल्याकडून येते. पन तुमी करून काय राह्यले?

पुंडलिकराव : आयका. बत्ती डोक्यावर टांगली का उजेड मेला. लोक डोळे बारीक करून बसतेत, नवरी पिठासारखी दिसते. म्या बत्त्या खाली ठेवीन, कनगीच्या आड. उजेड दिसला पाह्यजे, बत्ती नाई दिसली पाह्यजे. अन् दोऱ्यायले सगळे फेटिये टांगीन. हवा आली का मांडवभर चांदन्या फिरतीन. मानसाच्या अंगावरून फिरतीन. बीस साल झाले मले या धंद्यात, असं काम कोनी केलं नाई. मले दहाक फेटिये द्या. तांड्यात बाया किती हायेत?

जमनी : चाळीस असतीन. पन आज सगळ्या अंगावर घालून येतीन ना. लग्नात नाई घालाचे तं कवा घालाचे?

पुंडलिकराव : अन् ज्या घालत नाई त्या?

जमनी : ज्या घालत नाई... दादी हाये. धनीबाई, सुखीबाई. खालच्या अंगाले बसंतीबाई. अजून तिघी. सात झाल्या.

लालीबाई : जमनी, त्यायचं नाव काढू नोको.

पुंडलिकराव : काहून?

लालीबाई : भाऊ, तुमी कोर हाये, तांड्याबाहीरचे. तुमाले नाई समजनार. आमच्यात नवरा गेला का चुडा उतरते, कानाजवळच्या घुगऱ्या उतरतेत. म्या त्याच दिवशी हा फेटियाबी पेटीत टाकला. अकरा साल झाले. आमी सातीजनी लग्नाच्या घरी भाकरी थापतो, पन मांडवात जात नाई. अन् आमचे कपडे मांडवात टांगाचे? नवरीच्या डोक्यावर?

पुंडलिकराव : माय, म्या शिकलेला मानूस नाई. बत्तीचं तेवढं समजते. गॅसबत्तीची जाळी नवीन राह्यते तवा चांगली पांढरी कपड्याची राह्यते. पन ते उजेड देत नाई. पयले तिले जाळा लागते. तिची राख झाली, का मंग तेच राख उजेड देते.

लालीबाई : म्हंजे आमी राख?

पुंडलिकराव : नाई, नाई. तसं नाई म्हनलं म्या.

लालीबाई : तसंच म्हनलं.

पुंडलिकराव : माय, माही बायको लीलाबाई हेच म्हनते, तुमी बत्तीशीच बोलत जा, मानसाशी बोलू नोका.

जमनी : दादी हासली. पाहा, आता कोन खी खी करून राह्यलं?

लालीबाई : गप व. तोंड पाय त्यायचं कसं झालं. पानी दे अजून.

जमनी : देते. पन दादी, हे आरशे कोनी आनले होते? आज्यानं?

लालीबाई : त्याच्याशिवाय कोन आनन. कापूस इकाले गेला का मुठभर आरशे आने, भावसिंग. दर साली मुठभर. गूळ ईसरे, मीठ ईसरे, आरशे नाई. माही सासू म्हने, पोराले येड लागलं. म्या रोज नाल्यापल्याडच्या वावरात भाकर घेऊन जाय, हाच फेटिया घालून. तो तिकडून पाहात राहे. नाल्याच्या काठावर चमकलं का औत सोडे. बाकीचे औतकरी म्हनत, अजून तं बाई दिसतबी नाई. तो म्हने, तुमाले नाई दिसत.

जमनी : हे तू मले कवाच सांगतलं नाई.

लालीबाई : पेटी उघडली नाई म्हून सांगतलं नाई. धर तो पुन्हा उन्हात. वर धर जरा.

जमनी : असा?

लालीबाई : हां. अकरा साल म्या समजून होती का हे झाकून ठेवलं म्हंजे त्याचा मान ठेवला. अन् त्याले तं चमकलेलंच आवडे. म्याबी काय येडी बाई हाये.

पुंडलिकराव : मंग टांगाचा, माय?

लालीबाई : तुमी बत्त्या उतरवा गाडीतून. बाकीच्या सहा जनीयच्या घरी म्या जाते. तुमी नोका जाऊ, तुमी त्यायले राख म्हनान.

पुंडलिकराव : अन् त्या नाई म्हनल्या तं?

लालीबाई : धनीबाई पयले भांडन, मंग देईन. सुखीबाई रडन, मंग देईन. बसंतीबाईचा फेटिया माह्याहून भारी हाये, ते तं वाटच पाहून राह्यली असन कोनी मांगाची. अन् नायक काही बोलला तं माह्याकडं पाठवा. त्याचं नाव म्या ठेवलं हाये, पाळन्यात.

जमनी : अन् लट्टू?

पुंडलिकराव : लट्टूबी टांगतो, फेटियाच्या मधात मधात. पेटनार नाई, पन चांदन्या त्याच्यावर आल्या का लाल होतीन, हिरव्या होतीन. लखीराम इचारन, तार कुठी हाये? शोधू दे त्याले रातभर.

लालीबाई : त्याले मधातच बसवा. अन् जेवताना सांगजा, चाचपून जेवू नोका म्हना.

जमनी : दादी.

लालीबाई : आता काय? अव, आता कायले रडते? सकाळपासून म्या घसा कोरडा केला तं एक थेंब आला नाई. ठेव ते रडू, संध्याकाळी कामी येईन.

जमनी : तू येशीन ना मांडवात?

लालीबाई : यावंच लागते. सात फेटिये एकसारखे लाल. कोनाचा कोनता, हे माह्याशिवाय कोन सांगन? उद्या अदलाबदल झाली तं सातीजनी माही झिंजी धरतीन.

जमनी : बाहीर नाई बसाचं. आत.

लालीबाई : आत बसतो आमी. सातीबी. झालं? पूस डोळे.

पुंडलिकराव : माय, तुमचा फेटिया भारी चमकते. तो सडकेच्या बाजूनं टांगतो, वरात येते तिकडून. आल्या आल्या लोकायच्या तोंडावर उजेड.

लालीबाई : नाई. माहा नाल्याच्या बाजूनं टांगा.

पुंडलिकराव : नाल्याकडून तं कोनीच येत नाई, माय.

लालीबाई : मालूम हाये मले. तिकडंच टांगा.