फाटक बंद ठेवायचा दिवस

— नाही हो ताई, कुलूप बिघडलेलं नाहीये, मीच लावलंय. वर्षातून एक दिवस लावावंच लागतं. का म्हणजे? ही राखीव जागा, सगळ्यांची — म्हणून कुणा एकाची नव्हे. लोक वर्षानुवर्षं, कुणी न अडवता, इथून गेले, की वाट त्यांच्या हक्काची होते, मग कोर्टातसुद्धा हलत नाही. बोट दिलं की मनगट धरतात. म्हणून एक दिवस अडवायचं. कायद्यानं तेवढा अधिकार दिलाय मला — बंद करायचा, हटकायचा, बाहेर काढायचा. आज उघडायचा? तो साहेबांचा. साहेब रजेवर. हसा, हसा. मलाही हसू आलं असतं, पण त्यालाही अंगात जीव लागतो.

डबा कुणाचा? मालकांचा — पलीकडच्या हॉस्पिटलात? हं. रस्त्यानं वळसा घालून गेलात तर गार होईल, ठाऊक आहे. मीही सकाळपासून तिकडेच बघतोय — म्हणजे, इमारत समोरच आहे, दिसणारच. वरचा मजला बाळंतिणींचा. माझी लेक आहे तिथे. मुलगा झाला म्हणे. म्हणे म्हणजे, बायकोनं सांगितलं. ती काल जाऊन आली. मला ड्यूटी होती. म्हणजे — काल नव्हती खरं तर. काल फाटक उघडंच होतं.

हे बघा, लग्न लेकीनं स्वतःच्या मनानं केलं. केलं तर केलं. पण मग काही झालंच नाही अशी दर रविवारी येऊ लागली, नवऱ्याला घेऊन. एकदा येऊ दिलं, दोनदा येऊ दिलं — की झालाच ना तो हक्क? म्हणून एका रविवारी दार नाही उघडलं. एकच रविवार हो! ती बेल वाजवतेय, बायको माझ्याकडे बघतेय, आणि मी खुर्चीत. म्हटलं, पुढच्या रविवारी उघडू. पुढच्या रविवारी ती आलीच नाही. त्यानंतरही नाही. इथलं बरं असतं — उद्या कुलूप काढलं की लोक मुकाट चालू लागतात, कुणी रुसून बसत नाही.

काय झालं? डोळे का पुसताय तुम्ही? बरं, बरं. सरका जरा, कडी जड आहे. या आत. जाब विचारतील मला, विचारू देत. तुमचे मालक कुठल्या मजल्यावर? मधल्या? मग एकच जिना वर जाऊन तेवढं बघा, बाळ कुणावर — नको. काही बघू नका, काही सांगू नका. अहो, उभ्या काय राहिलात? जा. फाटक लावायचंय मला.