व्हिसा लागत नाही

नाही हो, तुमचं काही चुकलं नाही, बसा तुम्ही, फक्त हात जोडून सांगतो, माझ्यासमोर ते तीन शब्द काढू नका... व्हिसा लागत नाही! अहो, ह्या तीन शब्दांनी माझा केसानं गळा कापलाय! शत्रूनं कापला असता तर म्हटलं असतं, ठीक आहे, शत्रूच तो, त्याचं कामच ते. पण कापला कोणी? मेहुण्यानं!

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान. सगळा जन्म माणसांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची ओळ वाचायला लावण्यात गेला. 'वाचा, आता त्याच्या खालची, हां, अजून खालची, ती बारीक...' आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? खालची ओळ मी वाचलीच नाही! का? तर मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, मी वाचलीये.'

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात आम्ही त्याला 'परदेश' म्हणतो, अर्थात पाठीमागे. एकदाच गेला हो तो परदेशात, त्याच्या मुलीला बाळ झालं तेव्हा. जाताना स्वतःची बायको नेली ते नेली, माझीही नेली! 'ताई हवीच, बाळाला न्हाऊमाखू कोण घालणार?' आणि मी? मी मागे दुकान सांभाळलं. तिथून परत आला तो हा असा उंटावरचा शहाणा होऊनच उतरला. पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणतो, 'तिकडे थेट नळाचं पितात.' अरे मग पी ना नळाचं, आमच्या घरात नळ आहे!

तर आमची मुलगी. एकुलती एक. ती तिकडे कॅरिबियन समुद्रात एका बेटावर असते, मोठ्या हॉटेलात केक करते. एक दिवस तिचा फोन. 'बाबा, मी लग्न करतेय. त्याची होडी आहे.' म्हटलं, होडी आहे ते छान, पण नोकरी? तर म्हणाली, 'बाबा, होडी हीच नोकरी.' आता काय बोलता? पुढे म्हणाली, 'समुद्रावर लग्न आहे. इथे बाप मुलीचा हात धरून वाळूवरून तिला नवऱ्यापर्यंत चालत नेतो. तुम्ही याल ना, बाबा?'

याल ना? अहो, कशाला विचारायचं! मी दुसऱ्या दिवशीपासून सराव सुरू केला. गिऱ्हाईक नसलं की फ्रेमच्या कपाटापासून दुकानाच्या दारापर्यंत चालायचं, कोपर असं वाकवून, सावकाश, मान ताठ. एक बाई चष्मा न्यायला आल्या, त्यांनी मला तसं चालताना पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, 'पाठ धरलीये का?' धरली नव्हती हो पाठ, आनंदानं धरलं होतं मला!

आता जायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न कोणता? व्हिसा! मी विचारला. आणि 'परदेश' सोफ्यावर मागे रेलला, एका पायावर दुसरा पाय टाकला आणि म्हणाला, 'भाऊजी, व्हिसा लागत नाही! पासपोर्ट दाखवायचा, ते ठप्पा मारणार, आपण आत!' काय तो आवाज! जणू बेट त्याच्या सासऱ्यानं बांधलंय. म्हणाला, 'तिकिटांचं, कागदांचं सगळं माझ्यावर सोडा.' सोडलं. तिथेच माशी शिंकली.

बरं, व्हिसा लागत नाही तर मग काय लागतं? हळूहळू बाहेर यायला लागलं. परतीचं तिकीट लागतं. का? तर तुम्ही तिथेच राहून गेलात तर? अहो, मी कशाला राहतोय तिथे, जावयाच्या होडीत झोपू? राहण्याचा पत्ता लागतो. खिशात पैसे आहेत ह्याचा पुरावा लागतो. पिवळ्या तापाची लस लागते! लस द्यायला जी नर्सबाई होती तिच्या हाताला असं वजन, असं वजन... सुई काढल्यावर म्हणाली, 'दुखलं का?' म्हटलं, अहो, ताप परवडला! आणि पासपोर्ट? तो नुसता चालू असून भागत नाही, परत आल्यावरही सहा महिने जिवंत राहिला पाहिजे. मी मेहुण्याला विचारलं, 'आणि मी रे? मी राहिलो पाहिजे का जिवंत?' तर म्हणतो, 'तुमच्यावर काही अट नाही, भाऊजी.'

तर तुम्हाला सांगतो, निघालो आम्ही चौघं. मी, बायको, मेहुणा, मेहुण्याची बायको. सामान मोठ्या पट्ट्यावर सरकत सरकत गेलं, त्यात मोठी बॅग बायकोच्या नावावर, आणि तिच्यात माझा नवा कोट. काउंटरवर एक मुलगी, केसांचा अंबाडा इतका घट्ट की हसली की भुवया वर जायच्या. मेहुण्याचा पासपोर्ट बघितला, हसली. त्याच्या बायकोचा, हसली. माझ्या बायकोचा, हसली. माझा हातात घेतला... पान उलटलं... पुन्हा उलटलं... आणि भुवया खाली!

'सर, तुमचा ट्रान्झिट व्हिसा?'

मी मोठ्या ऐटीत म्हटलं, 'व्हिसा लागत नाही!'

'बेटाला लागत नाही, सर. पण विमान मध्ये ज्या देशात बदलायचं, त्या देशाचा लागतो.'

म्हटलं, मी त्या देशात जातच नाहीये! नुसता बाकावर बसणार, समोरच्या दारानं दुसऱ्या विमानात चढणार! तर म्हणाली, 'बाकावर बसायलाच लागतो, सर.' आहे का आता! मी विचारलं, मग ह्या तिघांना कसा चालतो? तर तिघांकडे होता! मागे बाळासाठी गेले होते ना, ते ह्याच देशात, आणि तो व्हिसा अजून जिवंत! म्हणजे ज्यांनी बाळाला आंघोळी घातल्या ते चालले, आणि ज्यानं मागे दुकान सांभाळलं तो अडकला!

मी मेहुण्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मी म्हटलं, 'अरे, तुला माहीत होतं?' तर म्हणतो कसा, 'भाऊजी, तुम्ही बेटाचं विचारलंत. वाटेतलं तुम्ही विचारलंत कुठे?' ऐकलंत? वाटेतलं! त्याची बायको बिचारी खरं बोलून गेली, 'अहो, तिकीटवाल्या बाईंनी तर विचारलं होतं ना तुम्हाला, चौघांकडे आहे का म्हणून?' आणि हा शहाणा काय म्हणाला होता तिला? 'आमच्याकडे सगळ्यांकडे असतो!' सगळ्यांकडे! त्या सगळ्यांत मी नव्हतोच हो!

पण थांबा, खरा घाव पुढेच आहे. बायको माझ्याकडे वळली, डोळे भरलेले, म्हणाली, 'अहो, मी काय करू? जाऊ की नको?' मी काय म्हणणार? मी म्हटलं, 'तू जा.' आता तुम्ही मला सांगा, नवरा अशा वेळी 'तू जा' म्हणतो म्हणजे काय म्हणतो? 'जाऊ नकोस' म्हणतो! आमच्या संसारात एवढं साधं मराठी तिला कळू नये? गेली! गेली हो! मी काचेपाशी उभा. ती थोडं चालली, थांबली, वळली... माझा जीव असा वर आला, म्हटलं, येतेय परत! तर लांबूनच ओरडली, 'घरी गेलात की आधी गॅस बघा, बंद केलाय का!'

आणि कोट? कोट तर केव्हाच विमानात! माझा कोट गेला, मी राहिलो! कारण कोटाला व्हिसा लागत नाही!

घरी आलो. गॅस बंद होता. म्हणजे तेवढं एक काम होतं, तेही उरलं नाही! मुलीला फोन केला, ती रडायलाच लागली, म्हणाली, 'बाबा, आपण पुढे ढकलू, मी थांबते.' मी म्हटलं, वेडी का तू, सगळी माणसं जमलीत, थांबायचं नाही. 'मग माझ्याबरोबर चालणार कोण, बाबा?' ... ह्या प्रश्नाचं उत्तर तिकडे विमानात बसून, फुकटचा ज्यूस पीत निघालं होतं!

लग्न लागायच्या वेळी इकडे संध्याकाळ. दुकान बंद केलं आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीत फोन घेऊन बसलो. तिकडे फोन बायकोच्या हातात, म्हणजे अर्धा वेळ मला तिचा अंगठा दिसतोय. 'अगं, बोट काढ!' 'कुठलं बोट?' 'पुढचं!' बोट निघालं, आणि काय दिसलं? परदेश! माझ्या कोटात! बाह्या ह्याच्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि कोपर असं वाकवून उभा. माझं कोपर ते! माझा सराव!

तेवढ्यात मुलीनं सगळ्यांना थांबवलं. आईच्या हातून फोन घेतला, आणि तिचा चेहरा एवढा मोठा समोर. 'बाबा, दिसतंय ना नीट?' मी हो म्हणणार, तेवढ्यात चित्र गोठलं! गोठलं ते गोठलंच, तिचा एक डोळा आणि मागे मेहुण्याचा खांदा. नुसता आवाज येत होता, लाटांचा आणि तिचा. 'बाबा, दिसतंय?' म्हटलं, 'दिसतंय गं. अगदी स्वच्छ दिसतंय.' इतकी वर्षं डोळे तपासले, कोणाला खोटा नंबर दिला नाही... तो पहिला.

मग वाजंत्री वाजायला लागली तशी मी उठलो. फोन एका हातात, दुसरं कोपर वाकवलं, आणि कपाटापासून दारापर्यंत चालत गेलो. सावकाश. मान ताठ... हसा, हसा, तुम्हाला काय! मलाही आता येतं हसू. तेव्हा नाही आलं.

आता वाटेल तुम्हाला, संपलं. कुठलं संपतंय! मुलगी म्हणाली, 'बाबा, तुम्हाला येता आलं नाही ना, आम्ही येतो!' परदेश लगेच म्हणाला, 'जावयाला काय, व्हिसा लागत...' म्हटलं, खबरदार! पुढचा शब्द काढलास तर! ह्या वेळी मी स्वतः गेलो, व्हिसाच्या कचेरीत, साहेबाच्या समोर बसून विचारलं. लागतो! म्हटलं लागू द्या, लागणारच. लग्नाचा पुरावा लागतो. दिला, फोटो दिला. साहेबानं फोटो निरखला, परदेशवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'हे मुलीचे वडील?'

'नाही, मामा. वडील मी.'

'मग लग्नात तुम्ही कुठे होता?'

'दुकानात.'

साहेबानं पेनच खाली ठेवलं. 'मुलीच्या लग्नात बाप दुकानात? आजोबा, हे लग्न खरं आहे का?' अहो, खरं आहे का म्हणजे? माझ्या कोटाला विचारा! शेवटी म्हणाला, 'फोटोतल्या गृहस्थांना घेऊन या, ते सांगतील.'

गेलो. काय करता, पोरीचं तोंड बघायचं होतं. मेहुण्याच्या दारात जाऊन उभा राहिलो, म्हटलं, 'येतोस का रे, सांगायला?' तर म्हणतो, 'येतो की, भाऊजी. पण तुम्ही नका येऊ, उगाच साहेबाचा गोंधळ व्हायचा.' गेला, बोलला, आणि मिळाला हो व्हिसा! येतायत आता दोघं. विमानतळावर आणायला मेहुणा निघालाय, बायको त्याच्या शेजारी, परत येताना मागे मुलगी आणि जावई, मांडीवर बॅगा. गाडी भरली. मला म्हणाले, 'तुम्ही घरीच थांबा, दार उघडायला कोणीतरी हवं.'

बरं म्हटलं. दार उघडायला तरी घरचंच माणूस हवं.