अकरा वाजून पाच मिनिटं

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, झोपले नव्हते. कामाला बसलेय… अगं, बाबांना जाऊन बारा दिवस होत आले. बसायला नको का कधीतरी?… हो, खाल्लं. काय ते आठवत नाही, पण ताटली सिंकमध्ये दिसतेय.

अगं ऐक ना… नाही, आधी माझं ऐक. मी कामाचे तास कसे मोजते, माहितीये ना तुला?… नाही, मोबाइलवर नाही. लॅपटॉपवर एक काळी खिडकी असते, बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. बसताना एक शब्द टाइप करायचा, की वेळ सुरू. उठताना दुसरा टाइप करायचा, की बंद… हो, एवढंच.

तर आज उघडलं, आणि ते म्हणतंय, चालू आहे… त्या दिवसापासून. सकाळी नऊला सुरू केलेलं, ते थांबवायचंच राहिलं. दोनशे एकोणनव्वद तास… नाही गं, लॅपटॉप बंद असला तरी त्याला काही नाही. सुरुवातीची वेळ तेवढी लिहून ठेवतं, शेवटची आपण सांगायची… साहेबांना विचारलं. चांगले आहेत ते, म्हणाले, काहीही टाका, कोणी बघणार नाही.

मग टाकते की. पण काय टाकू?

तुझा पहिला फोन दहा वाजून दहा मिनिटांनी आला होता… हो, तू म्हणालीस बाबा बाथरूममध्ये पडले, पण ते नंतर. पहिला मी उचलला नव्हता. दुसराही नाही, तिसराही नाही… मीटिंग नव्हती, ताई.

नव्हती… मीटिंग होती म्हणून तुला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, काकांनाही सांगितलं. नव्हती. तुझं नाव दिसलं मला. वेळ चालू होती, काम हातात आलं होतं, एकदा उठलं की पुन्हा तार लागत नाही… वाटलं, त्यांच्या गोळ्यांचं विचारत असशील. फोन पालथा घातला. तुझा चौथा फोन उचलला तेव्हा अकरा पाच झाले होते.

हॅलो?… आहेस ना?

नाही, रडत नाहीये. रडू येतच नाही, तेच तर… हो, डॉक्टर म्हणाले ते मीही ऐकलं, लवकर पोचले असते तरी फरक पडला नसता. त्यांना फरक पडला नसता. पण मी पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते, आणि तोवर ते बोलत होते ना तुझ्याशी?… मग सांग… काहीही असू दे, सांग.

हं… चष्मा कुठेय… हं… नळ नीट बंद झाला का… बाबाच ते.

मग?… माझं विचारलं?… दोनदा.

तू काय सांगितलंस?

काय?… निघाली म्हणून सांगितलंस?… वाटेत आहे म्हणून?… आणि ते?

…

'सावकाश ये म्हणावं.'

…

हो, आहे. ऐकतेय… नाही ताई, तू खोटं बोललीस असं कोण म्हणतंय? मी कशाला रागावू? बरं केलंस… अगं, बरं केलंस म्हणतेय ना… बारा दिवस एकटीच घेऊन बसलीस होय हे?

नाही. उठल्याची वेळ साडेदहा नको टाकायला. तू त्यांना ते साडेदहाला सांगितलंस, पण मी तेव्हा इथेच होते, या खुर्चीत. अकरा पाचच टाकते… थांब, टाइप करतेय… झालं. काही नाही, एक ओळ आली. 'दोन तास पाच मिनिटं.' खाली पुन्हा कर्सर लुकलुकतोय.

ताई… ताई, तू रडतेयस का?… बरं, रड. मी धरलाय फोन.

…

घरी कोण आहे तुझ्या?… कोणीच नाही? मग मी येते… नाही, काम राहू दे… अगं, चपला घालतेय, आवाज नाही आला का?… हो, निघालेय. खरंच निघालेय, ताई. ठेव आता.