टेकडीवरचा बॅनर

पवनचक्क्यांचं मला नका सांगू! कल्याणपलीकडच्या टेकडीवर वारा मोजायला आम्हीच खांब उभारलेला. गावच्या सभेत आमचे साहेब हात जोडून म्हणाले, "हा खांब तुमचाच समजा."

गावाने समजला. आठवडाभरात खांबावर गावच्या पुढाऱ्याचा बॅनर: भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! मी फोटो काढून अहवालात लिहिलं, 'स्थानिकांचा उत्स्फूर्त सहभाग.'

चार महिन्यांनी साहेब भाऊंवर उखडले. "अहो, तुमच्या बॅनरमुळे आमच्या यंत्राला वाराच लागत नाही!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "सायेब, आमच्या नाक्यावरचा बॅनर आठ दिवसांत फाटतो. टेकडीवरचा चार महिने तसाच आहे. पवनचक्की नाक्यावर लावा ना!"