तीनशे मोजून बुडवलेला चाकू

माझा जलम इंदूरचाच, मिलच्या चाळीतला. बाप मिलमध्ये, मी पन मिलमध्ये. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, म्हंजे दुसरीच्या दारापर्यंत. मिलले ताला लागला तवा साऱ्याइले वाटलं दोन महिन्यात खुलेल. मी तर डबा घेऊन गेटावर जाऊन बसे, एवढा शहाना.

मंग कमलले, म्हंजे बायकोले, म्हनलं, मी चाकू बनवतो. का, तर वीस साल लोखंडाच्या मशिनीजवळ उभा होतो. आता काय सांगू तुमाले, म्हशीजवळ उभं राहून कोनाले दूध येते का?

पयला चाकू खिडकीच्या सळईचा. माझ्या डोक्यात, लोखंड म्हंजे लोखंड, अन् चमकला म्हंजे धार आली. घासून घासून असा केला का त्यात तोंड दिसे. कमलनं भोपळ्यात घातला, तर भोपळा तसाच अन् चाकू वाकडा. मंग कोनी म्हने, ट्रकच्या कमानीचा पाटा आन. आनला. लाल केला, ठोकला, पान्यात बुडवला, चुर्र! असा कडक झाला का त्याच्यावर कानस पन घसरे. मी खुश. जेवढा कडक तेवढा चांगला, हे माझं दुसरं शहानपन.

असे डझनभर घेऊन सियागंजच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानात गेलो. सेठले दाखवता दाखवता एक माझ्याच हातून फरशीवर पडला, सीधे दोन तुकडे. सेठ म्हने, भिया, ये चाकू है के पापड़? सारं दुकान हसलं, मीबी हसलो, काय करता? म्हने, एक बार और ला, फिर टूटा तो दुकान मत चढ़ना. घरी कमल म्हने, आता नाही जमलं तर मी लोकाइचे बर्तन घासायले जाईन, तुमी चूल पाहा. मले चूल पन जमत नाही, हे तिले माहीत.

सांवेरच्या रस्त्यावर लोहाराचं पाल होतं, तिथं एक म्हातारी घन मारे. तिले इचारलं, मावशी, भट्टीत किती वेळ ठेवायचा? मी तर अंगनात उन्हात बसून तीनशे मोजतो. मिलचा मानूस ना, भोंगा वाजल्याबिगर जेवत पन नव्हतो. म्हातारी म्हने, तेरी घरवाली रोटी भी गिन के सेकती है क्या? धूप में बैठता है, लाल रंग दिखेगा कैसे? तिनं सांगितलं, सावलीत बस, रंग पाहा. अन् पान्यातून काढला का परत जरासा तपव, तुपासारखा पिवळा आला का थांब. नाहीतर तो चाकू नाही, काच हाय.

पंधरा दिवस पोत्याच्या आडोशाले बसलो. दोन्ही भुवया जाळल्या. मंग गेलो. सेठनं स्वता फरशीवर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. टन्न वाजे, तुटेच ना. मी छाती फुगवली. सेठ म्हने, बढ़िया है भिया, अन् बाजूचा खोका उघडला. मशिनीचे चाकू, लाल-हिरव्या प्लास्टिकच्या मुठी, बाहेरून आलेले. गाहक अब ये मांगता है, म्हने. माझा एकच ठेवला, त्याच्या सोताच्या घरासाठी. अरे मंग पयलेच सांगायचं होतं ना, भुवया तरी राहिल्या असत्या!

आता सब्जीमंडीत बसतो. ते प्लास्टिकवाले आठ दिवसात बोथट होतात, त्याइलेच धार लावतो. त्याच्यावर घर चालते, कमलले कोनाचे बर्तन घासावे लागले नाही. माझे चाकू पोहेवाले घेतात, पन एकदा घेतला का सालोसाल तोंड दाखवत नाही. परवा एक जन भेटला, म्हने, काकाजी, तुमचा चाकू अजून तसाच हाय. मी म्हनलं, सुखी राय बाबा, पन कधी हरवत तरी जा ना!